आयएनजी लावू की नको?

नमस्कार मॅडम,

मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्यांकडे, डॉक्युमेंटेशनचं काम करते. शाळा मराठी माध्यमाची, लालबागची. ऑफिसातलं इंग्रजी ऐकून-वाचून शिकले आणि आजवर काही अडलं नाही. यंदा नवे मॅनेजर आले. एका व्हिडिओ कॉलवर मी ‘आय ॲम हॅविंग वन डाउट’ म्हणाले, तर ते सगळ्यांदेखत हसले. ‘हॅविंग नाही हो, हॅव. तुम्ही मराठी माणसं दिसेल त्याला आयएनजी लावता.’ त्या दिवसापासून मी धसकाच घेतलाय. मेल पाठवण्याआधी एकूण एक आयएनजी काढून टाकते. परवा शिपिंग लाइनकडून डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल ताब्यात द्यायची चिठ्ठी, यायची होती, तर परदेशातल्या पार्टीला ‘वुई वेट फॉर द डिलिव्हरी ऑर्डर’ असं लिहिलं. त्यांनी उलट विचारलं, तुमच्याकडे दर वेळी अशी वाट बघावी लागते का? आता लावलं तरी भीती आणि काढलं तरी भीती. माझा सहावीतला मुलगा म्हणतो, ‘मम्मी, एव्हरी डे किंवा ऑलवेज आलं की सिंपल, नाऊ आलं की कंटिन्युअस. सोपं तर आहे.’ मला ते सोपं वाटत नाही. आमची चाळ पाडून टॉवर होतोय, तोवर भाड्याच्या घरात आहोत. जाण्यायेण्यातच जीव जातो, क्लास लावणं शक्य नाही. नेमकं कुठे लावायचं आणि कुठे नाही, एकदा समजावून सांगाल का?

एक वाचक, सध्या भांडुप

ताई,

मुलाचं म्हणणं शेवटी बघू, आधी मॅनेजरांचं.

‘आय ॲम हॅविंग वन डाउट’ हे पुस्तकी इंग्रजीच्या हिशेबाने चूक आहे, त्यात वाद नाही. पण ती काही एकट्या मराठी माणसाची मिरासदारी नाही. चेन्नईपासून चंदीगडपर्यंतची ऑफिसं याच इंग्रजीवर चालतात आणि भारतीय इंग्रजीचा अभ्यास करणाऱ्यांनी ही लकब केव्हाच टिपून ठेवली आहे. ‘हॅविंग’मुळे कुणाचा माल अडकला असं होत नाही. कानाला खटकतं, एवढंच. तुमचं ‘वुई वेट’ मात्र दिसायला साजूक आहे आणि अर्थाचा घोटाळा करतं. पार्टीने ते वाचलं ते असं: ‘आम्ही डिलिव्हरी ऑर्डरची वाट बघत असतो’, म्हणजे आमच्याकडची ही रीतच आहे. त्यांचा प्रश्न रास्त होता. तेव्हा मेलमधून आयएनजी उपटून काढण्याचा उद्योग आजपासून बंद. सगळ्यांदेखत हसण्यावरून मॅनेजरांनाही दोन शब्द सुनवावेसे वाटतात, पण पत्र त्यांनी लिहिलेलं नाही.

तुम्हाला हा फरक येतच नाही असं तुम्ही धरून चालला आहात. तो तुम्ही दिवसभर करता, मराठीत. सकाळी बहिणीचा फोन येतो, ‘काय करतेयस?’ तुम्ही म्हणता, ‘डबे भरतेय.’ ती विचारते, ‘का गं, डबे तूच भरतेस?’ ‘हो, मीच भरते.’ यातल्या ‘भरतेय’ आणि ‘भरते’ची तुमच्याकडून जन्मात कधी अदलाबदल झालेली नाही. इंग्रजीत पहिलं ‘आय ॲम पॅकिंग द टिफिन्स’ आणि दुसरं ‘आय पॅक द टिफिन्स’. शाळेत ‘मी डबा भरत आहे’ असं वाक्य देऊन भाषांतर करायला लावतात आणि घोळ तिथून सुरू होतो, कारण घरात तसं कुणी बोलत नाही. म्हणून वाक्य मनातल्या मनात बोलीत म्हणा. शेवट ‘-तोय, -तेय, -तायत’ असा आला तर आयएनजी, ‘-तो, -ते, -तात’ असा आला तर साधं रूप.

तुमच्या रोजच्या मेलवर हे लावून बघा. ‘आम्ही डिलिव्हरी ऑर्डरची वाट बघतोय’: ‘वुई आर वेटिंग’. ‘ही शिपिंग लाइन रविवारी डिलिव्हरी ऑर्डर देत नाही’: ‘डज नॉट इश्यू’, कारण तो त्यांचा नियम. ‘ऑफिसर कागद तपासतायत’: ‘द ऑफिसर इज चेकिंग द पेपर्स’. ‘डिटेन्शनचे (कंटेनर उशिरा परत केल्याचे) पैसे आम्ही पार्टीकडून घेतो’: ‘वुई रिकव्हर’, दर वेळचं धोरण म्हणून. तुमच्या मेलमधली बरीचशी वाक्यं एवढ्यात निकालात निघतील.

आता तुमची सही, ‘सध्या भांडुप’. इंग्रजीतलं आयएनजी नुसतं ‘या क्षणी चाललंय’ एवढंच सांगत नाही, ‘काही काळापुरतं आहे’ हेही सांगतं. हे दुसरं काम शाळेत घाईघाईत उरकलं जातं आणि मोठेपणी नेमकं तेच जास्त लागतं. ‘वुई लिव्ह इन लालबाग’ म्हणजे आमचं घर लालबागचं. ‘वुई आर लिव्हिंग इन भांडुप’ म्हणजे टॉवर होईपर्यंत इथे. हे दुसरं वाक्य तुम्ही दुपारी ऑफिसात बसून म्हणालात, त्या क्षणी भांडुपात नसलात, तरी ते बरोबरच.

मुंबईत यातली गंमत अशी की हा ‘काही काळ’ किती, ते बिल्डर ठरवतो. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत तात्पुरती म्हणून गेलेली कुटुंबं दोन-दोन पिढ्या तिथेच आहेत. त्यांनी ‘आर लिव्हिंग’ म्हणायचं की ‘लिव्ह’? इंग्रजी व्याकरण इथे कॅलेंडर बघत नाही, बोलणाऱ्याचं मन बघतं. ज्याने मूळ जागेवर परतायची आशा सोडलेली नाही त्याचं ‘आर लिव्हिंग’ तीस वर्षांनीही बरोबर. ज्याने सोडली त्याचं ‘लिव्ह’ दुसऱ्याच वर्षी बरोबर. काळ निवडताना तुम्ही घड्याळाची वेळ सांगत नसता, त्या गोष्टीकडे तुम्ही कसं बघता ते सांगत असता. ती पक्की धरलीत तर साधं रूप, आज आहे आणि उद्या बदलेल अशी धरलीत तर आयएनजी.

ऑफिसातही हेच. ‘शी हँडल्स एक्सपोर्ट’ म्हणजे ते तिचं टेबल. ‘शी इज हँडलिंग एक्सपोर्ट धिस मंथ’ म्हणजे कुणीतरी रजेवर आहे. ‘द गोडाऊन स्टँड्स निअर द हायवे’, कारण गोडाऊन कुठे जात नाही. ‘द कंटेनर इज स्टँडिंग इन द यार्ड’, कारण तो आज ना उद्या निघेल, निदान आपली तशी इच्छा असते. जाता जाता एक सांगते. ‘तुम्ही कुठे राहता?’ याचं मुंबईत सर्रास ‘व्हेअर आर यू स्टेइंग?’ होतं. बाहेरचा माणूस त्यावर हॉटेलचं नाव सांगेल. घर विचारायचं तर ‘व्हेअर डू यू लिव्ह?’

मग ‘-तेय आलं की आयएनजी’ हा आपला काटा फसतो कुठे? ही जागा नीट समजून घ्या, तुमचं ‘हॅविंग’ इथलंच आहे. मराठीत आपण ‘मला कळतंय’, ‘मला वाटतंय’, ‘ऐकू येतंय’, ‘चहा हवाय’ असं बिनदिक्कत म्हणतो आणि मराठीला त्यात काही वावगं वाटत नाही. इंग्रजी मात्र क्रियापदांचे दोन गट करते. एका गटात माणूस काहीतरी करतो: लिहितो, पाठवतो, तपासतो, थांबतो. दुसऱ्या गटात काही केलं जात नाही, नुसती स्थिती असते: माहीत असणं, कळणं, हवं असणं, आवडणं, पटणं, मालकीचं असणं, किंमत पडणं. ‘नो, अंडरस्टँड, वाँट, नीड, लाइक, ॲग्री, बिलाँग, ओन, कॉस्ट, कंटेन’ ही त्यातली नेहमीची मंडळी. यांना एरवी आयएनजी लागत नाही, ती गोष्ट अगदी आत्ताची असली तरी. ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ नाही, ‘आय अंडरस्टँड’. ‘द पार्टी इज वाँटिंग डिस्काउंट’ नाही, ‘द पार्टी वाँट्स अ डिस्काउंट’.

ही यादी पाठ करत बसू नका. गिरणगावातल्या रात्रशाळेत शिकवायचे तेव्हा दिवसभर काम करून आलेल्या मुलांकडून मीही ती पाठ करून घेतली नाही. त्यापेक्षा मराठी वाक्याचा पहिला शब्द बघा. मला माहीत आहे, मला कळतं, मला हवंय, मला आवडतं, मला पटतं, मला वाटतं, मला आठवतंय, मला दिसतंय, मला दोन भाऊ आहेत. सगळीकडे ‘मला’. आपण स्वतः काही करत नाही, ते आपल्याला होतं किंवा असतं, असं मराठीच सांगते. वाक्य ‘मी’ने सुरू न होता ‘मला’ने किंवा ‘माझ्याकडे’ने सुरू होत असेल, तर आयएनजी लावण्याआधी थांबा.

थांबा म्हणाले, कधीच लावू नका असं नाही म्हणाले. ‘मला उशीर होतोय’ हेही ‘मला’नेच सुरू होतं, पण इंग्रजीत ‘आय ॲम रनिंग लेट’. तिथे दुसरा प्रश्न विचारायचा: ‘काय करतेयस?’ किंवा ‘काय होतंय?’ याचं उत्तर म्हणून ते वाक्य चालतं का? ‘काय होतंय?’ ‘उशीर होतोय.’ चाललं. ‘काय करतेयस?’ ‘मेल लिहितेय.’ चाललं. ‘काय करतेयस?’ ‘मला दोन भाऊ आहेत.’ लोक घाबरतील. हे दोन प्रश्न विचारलेत की दहातली नऊ वाक्यं जागेवर बसतात, दहाव्यासाठी डिक्शनरी आहे.

आता ‘हॅव’. मालकी, नातं, दुखणं, शंका, अनुभव, यांत ‘हॅव’ म्हणजे ‘असणं’: ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय हॅव अ फीव्हर’, ‘आय हॅव अ क्वेश्चन’. ‘डाउट’ऐवजी ‘क्वेश्चन’च बरं, परदेशी पार्टी डाउट म्हटलं की आपल्यावर संशय घेतलाय असं समजते. पण जेवणं, बैठक भरवणं, त्रास होणं अशा अर्थाने ‘हॅव’ आलं की तिथे काहीतरी चाललेलं असतं. ‘वुई आर हॅविंग लंच’, ‘वुई आर हॅविंग अ मीटिंग’, ‘आय ॲम हॅविंग ट्रबल विथ द पोर्टल’, ही सगळी शुद्ध इंग्रजी. ‘हॅविंग’ या शब्दाचीच भीती घेऊन बसलात तर पोर्टल बंद पडल्याचं कळवणार कशा?

एकच क्रियापद दोन्ही गटांत कसं बसतं ते तुमच्या धंद्यात रोज बघायला मिळतं. निर्यातीचा भरलेला कंटेनर जहाजावर चढायच्या आधी त्याचं पक्कं वजन कळवावं लागतं, १ जुलै २०१६ पासून जगभर हा नियम आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको. ट्रेलर काट्यावर येतो. ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरतो. केबिनमधला माणूस आकडा स्थिर व्हायची वाट बघतो. तेवढ्या वेळात पार्टीचा फोन आला, तर ‘दे आर वेइंग द कंटेनर’. पावती निघाली, आकडा हातात आला, की ‘द कंटेनर वेज ट्वेंटी-टू टन्स’. माणसं वजन करतात ते काम. कंटेनरचं वजन असतं, ते पावती फाडल्यानंतरही तेवढंच. ‘द कंटेनर इज वेइंग ट्वेंटी-टू टन्स’ म्हटलं तर तो दर तासाला जाड-बारीक होतोय की काय असं वाटेल. ‘थिंक’चंही तसंच. ‘आय थिंक द रेट इज हाय’ हे मत, बनलेलं. ‘वुई आर थिंकिंग ऑफ चेंजिंग द ट्रान्सपोर्टर’ हा विचार, अजून डोक्यात घोळतोय.

कॉलवरची दोन-तीन वाक्यं सांगून ठेवते, कारण हसणारी माणसं तिथेच असतात. ‘आय ॲम नॉट हिअरिंग यू’पेक्षा ‘आय कान्ट हिअर यू’. ‘आर यू सीइंग माय स्क्रीन?’पेक्षा ‘कॅन यू सी माय स्क्रीन?’ दिसणं-ऐकू येणं याला इंग्रजी बहुतेक वेळा ‘कॅन’ लावून मोकळी होते. आणि ‘युवर व्हॉइस इज ब्रेकिंग’ यात व्याकरणाची चूक नाही, पण बाहेर ते मिसरूड फुटायच्या वयातल्या मुलाच्या आवाजाबद्दल म्हणतात. ‘यू आर ब्रेकिंग अप’ म्हणा.

तुमचा मुलगा मध्येच विचारील, मग मॅकडोनाल्ड्सची ‘आय ॲम लव्हिंग इट’ ही जाहिरात कशी चालते? २००३ पासून चालते आहे, आणि मुद्दाम तशी केली आहे. नेहमीची आवड नाही, खाता खाता येणारी मजा विकायची होती. बोलताना लोक असं वाकवतात. इंग्रजीचे हे नियम आहेतच मुळी तसे अलीकडचे. चारशे वर्षांपूर्वीचा इंग्रज ‘काय वाचतोयस?’ हे साध्या रूपातही खुशाल विचारायचा. नियम मोडायला हरकत नाही, पण बिल ऑफ एंट्रीच्या, म्हणजे आयात मालाच्या कस्टम्सच्या कागदाच्या, मेलमध्ये नको.

काटा आणखी एका ठिकाणी फसतो आणि तिथे भलेभले अडकतात. ‘मी २०१४ पासून इथे काम करतेय.’ शेवटी ‘-तेय’ आलं, म्हणून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१४’. इथे इंग्रजीला नुसता वर्तमानकाळ पुरत नाही. काम मागे कधीतरी सुरू झालं आणि अजून चालू आहे, ही दोन्ही टोकं तिला धरायची असतात. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स २०१४.’ वाक्यात ‘पासून’ आलं, किंवा ‘चार दिवस झाले’ असं काही आलं, की ‘हॅव बीन’. पार्टीला तुम्ही ‘वुई हॅव बीन वेटिंग फॉर द डिलिव्हरी ऑर्डर सिन्स मंडे’ लिहिलं असतंत, तर दिरंगाई शिपिंग लाइनची आहे हे कुणाचं नाव न घेता कळलं असतं. ‘मला’वाली क्रियापदं इथेही आपला हट्ट सोडत नाहीत: ‘आय हॅव नोन हिम सिन्स २०१४’, मध्ये ‘बीन’ नाही, शेवटी आयएनजी नाही.

याच्या उलट आपलं ‘करते’. ‘बघून सांगते’, ‘संध्याकाळपर्यंत पाठवते’, ‘मी बोलते त्यांच्याशी’. हे रूप साध्या वर्तमानकाळाचं आहे, पण सवय सांगत नाही, शब्द देतं. त्याचं आपण ‘आय चेक अँड टेल यू’, ‘आय सेंड बाय ईव्हनिंग’ करून टाकतो. इंग्रजी साध्या रूपाला शब्द देता येत नाही, ते काम ‘विल’चं: ‘आय विल चेक अँड लेट यू नो’. कान देऊन ऐकलंत तर तुमचे मॅनेजरही दिवसातून पाच-दहा वेळा हे करत असतील, कारण हिंदीतलं ‘मैं देखता हूँ’ तसंच आहे.

‘मी दर शनिवारी न्हावा शेव्याला जात असते’ यातल्या ‘जात’ला भुलून ‘आय ॲम गोइंग एव्हरी सॅटर्डे’ करू नका. ‘असते’ आलं की ती सवय, म्हणून ‘आय गो’.

जहाजाच्या तारखांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहावं तुम्हाला रोजच लागत असणार. छापील वेळापत्रकातली गोष्ट उद्या-परवाची असली तरी साध्या रूपात येते, मग ती लोकल असो नाहीतर बोट: ‘द व्हेसल अराइव्हज ऑन द फोर्टीन्थ’. माणसांनी आपापसात ठरवलेलं आयएनजीत येतं: ‘द सर्व्हेअर इज कमिंग टुमॉरो ॲट इलेव्हन’. हेच ‘द सर्व्हेअर कम्स ॲट इलेव्हन’ केलंत तर तो रोज अकराला येतो असा अर्थ निघेल. जहाजाला दोन्ही रूपं चालतात. ‘अराइव्हज’ म्हणजे पत्रकात तसं आहे, ‘इज अरायव्हिंग’ म्हणजे आमच्याकडे ताजी खबर तशी आहे. भर पावसाळ्यात मी तुमच्या जागी असते तर दोन्ही टाळून ‘इज एक्स्पेक्टेड ऑन’ लिहिलं असतं, म्हणजे बोट बाहेर ताटकळली तरी शब्द आपल्या अंगावर येत नाही.

मेलमधली ठरावीक वाक्यं पटकन उरकते. ‘वुई कन्फर्म’, ‘वुई रिक्वेस्ट’, ‘वुई अपॉलोजाइज’, ‘वुई रिग्रेट’ साधीच ठेवा. इथे लिहिलं की ती गोष्ट झालीच, विनंती केली गेली, माफी मागितली गेली. ‘वुई आर अपॉलोजायझिंग’ लिहिलं की माफीचा कार्यक्रम अजून चालू आहे असं वाटतं. ‘आय ॲम रायटिंग टू’, ‘आय ॲम अटॅचिंग’ आयएनजीसकट बरोबर आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. शेवटचं ‘आय लुक फॉरवर्ड’ जरा कडक इस्त्रीचं आणि ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’ मोकळंढाकळं. दोन्ही चालतं, पार्टी बघून ठरवा.

राहिला मुलाचा नियम. त्याला वेड्यात काढू नका, शाळेतल्या गाळलेल्या जागांपुरता तो चोख आहे. त्याच्याशी वाद घालायचाच असेल तर दोघांनी मिळून क्रिकेट लावा आणि इंग्रजी कॉमेंट्री ऐका. सगळं ‘नाऊ’च चाललेलं असतं, तरी समालोचक म्हणतो ‘ही रन्स इन, बोल्स, अँड ही ड्राइव्ह्ज इट थ्रू द कव्हर्स’. आयएनजी कुठे गेलं? प्रत्येक गोष्ट सांगता सांगता संपते, ताणायला वेळच नसतो. त्याच दमात तो ‘द क्राउड इज रोअरिंग’ म्हणतो आणि ‘द कॅप्टन इज हॅविंग अ वर्ड विथ द बोलर’ही म्हणतो, कारण वानखेडेवरचा गलका आणि कप्तानाची चर्चा दोन्ही चेंडूपेक्षा लांबतात. बघा, ‘हॅविंग’ तिथेही आलं आणि कुणी हसलं नाही.

‘नाऊ’वर भिस्त ठेवली तर ‘आय नो द आन्सर नाऊ’ इथे तो तोंडघशी पडेल, ‘नाऊ’ आहे पण आयएनजी नाही, कारण ‘मला माहीत आहे’. ‘ऑलवेज’चीही एक पळवाट आहे. ‘ही ऑलवेज लूझेस हिज वॉटर बॉटल’ ही नोंद झाली. ‘ही इज ऑलवेज लूझिंग हिज वॉटर बॉटल’ हा वैताग झाला. मघाशी ‘असतो-असते’ आलं की साधं रूप म्हणाले, त्याला हा अपवाद: ‘सारखा बाटली हरवत असतो मेला’ असं कपाळाला हात लावून म्हणताना इंग्रजीही आयएनजी लावते. परीक्षेत मात्र ‘ऑलवेज’ दिसलं की त्याने निमूटपणे साधं रूप लिहावं, मार्क त्यालाच मिळतात. बाटली हरवल्यावर तुम्ही त्याला आयएनजी लावूनच बोला.